तपासणीचा दिवस

त्या हिवाळ्यात एतेरीची एकच इच्छा होती. कुणी आपल्याकडे काही मागायला येऊ नये. शेजारीण काडेपेटी मागायची, खालच्या मजल्यावरची म्हातारी वाटीभर मक्याचं पीठ मागायची, अंथरुणात पडलेला नवरा पाणी मागायचा. देऊन देऊन तिच्याजवळ आता दुखरं कंबरडं आणि अठ्ठावन्न वर्षांचं वय तेवढं उरलं होतं, आणि ते कुणी मागत नव्हतं.

सकाळी सहा मजले उतरायचे. लिफ्ट दीड वर्षापूर्वी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली ती अडकलीच. मग पावाची रांग. मग तिबिलिसीच्या बर्फाळ रस्त्यांवरून चाळीस मिनिटं पायी, कारण ट्रॉलीबसा तारांखाली जिथल्या तिथं उभ्या होत्या. त्यातली एक तिच्याच नवऱ्याची. ओतार एकतीस वर्षं ट्रॉलीबस चालवत होता. वीज गेली, बस थांबली, आणि त्यानंतर त्याची पाठही थांबली.

पायपिटीच्या शेवटी यायची नदीकाठची संस्था. तिथं एतेरी तीस वर्षं फाज बनवत आली होती. माणसाला जसे जंतूंचे रोग होतात, तसे जंतूंनाही रोग होतात. जंतूंना मारणारा तो बारका विषाणू म्हणजे फाज. हगवणीच्या जंतूला मारणारा वेगळा, जखम चिघळवणाऱ्याला मारणारा वेगळा. या शहरात तो कुणाला समजावून सांगावा लागत नसे. पोराचं पोट बिघडलं की आया फाजची पिवळी बाटली कपाटातून काढत, जशी दुसरीकडे ओव्याची पूड काढत असतील. पंधरा प्रजासत्ताकांची युनियन होती तेव्हा तिच्या फौजेसाठी इथून खोकीच्या खोकी जायची. आता युनियन नव्हती, वीज दिवसाला दोन तास यायची तर यायची, गॅस मुळीच नव्हता, आणि पगारात पाच पाव येत. एतेरीच्या विभागातली बावीस माणसं गळत गळत दोनवर आली होती : ती आणि विभागप्रमुख उशांगी. त्र्याहत्तर वर्षांचा, कानाला केसाळ टोपी, आणि प्रत्येक संकटावर एकच शब्द. "पाहू."

फ्रिज बंदच होते. त्यांचं काम हिवाळा फुकटात करत होता.

फेब्रुवारीच्या एका सकाळी लामारा आली. लामारा मुलांची डॉक्टर, मूळची सुखुमीची. युद्धात ते शहर शत्रूच्या हाती पडलं तेव्हा हजारोंबरोबर तीही डोंगरातून बर्फ तुडवत चालत आली होती. आता ती आणि तिच्यासारखी सहाशे माणसं स्टेशनजवळच्या एका नऊमजली हॉटेलात राहत होती. एके काळी तिथं परदेशी पाहुणे उतरत. आता बाल्कन्यांना फळ्या ठोकलेल्या आणि प्रत्येक खिडकीतून चुलीचं धुराडं बाहेर आलेलं. लामाराने वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच छोट्या बरण्या टेबलावर मांडल्या.

"काय आहे?" एतेरीने विचारलं. तिला दिसत होतंच.

"हगवण. रक्ताची. अकरा मुलं, दोन म्हाताऱ्या. तुमच्याकडचा फाज चार दिवस देतेय, काही उपयोग नाही. गोळ्या होत्या त्या दिल्या, त्यांचाही नाही. मीठसाखरेच्या पाण्यावर धरून ठेवलंय त्यांना, एतेरीबाई."

"म्हणजे जंतू वेगळा आहे. त्याला जुना फाज लागू पडत नाही."

"मग नवा करा."

एतेरी हसली. हसू कसलं, तोंडातून नुसती वाफ बाहेर पडली. "करते की. वीज आण, गॅस आण, आणि अर्धा किलो मटण आण."

"मटण कशाला?"

"सूप करायला. जंतू वाढवल्याशिवाय फाज वाढत नाही, आणि जंतूंना सूपच लागतं. तुमच्याआमच्यापेक्षा त्यांची ऐट मोठी, बाई."

लामारा खुर्चीवर बसली होती, तिचे बूट पुढून उसवले होते आणि त्यातून लोकरीचे ओले मोजे दिसत होते. एतेरीने मान वळवली. पण मान वळवली तिकडे दारात उशांगी उभा होता.

"पाहू," तो म्हणाला.

उशांगीच्या 'पाहू'चा अर्थ एतेरीला तीस वर्षांपासून ठाऊक होता. तो पाहणार आणि एतेरी करणार.

दुसऱ्या दिवशी तो पिशवीत एक कोंबडी घेऊन आला. मान मुरगळलेली, पिसं तशीच.

"ही कुठून, बातोनो?" साहेब म्हणावं तसं एतेरी त्याला अजून 'बातोनो'च म्हणायची.

"गावाहून चुलतभावानं पाठवली. येत्या रविवारी आमच्या हिला जाऊन वर्ष होतंय. जेवण घालायचं होतं."

"मग हिचं सूप करायचं?"

"तिला कोंबडी आवडायची नाही," उशांगी म्हणाला आणि पिसं उपटायला बसला.

अंगणातला वाळलेला पॉप्लर तोडून त्यांनी चूल पेटवली. रस्सा उकळला, चरबी काढली, फडक्यातून तीनदा गाळला, आणि जुन्या प्रेशरच्या भांड्यात नळ्या भरून निर्जंतुक केला. राहिलेलं उकडलेलं मांस दोघांनी चुलीपाशी उभ्याउभ्या खाल्लं. मीठ नव्हतं. मांस तोंडात घेऊन सात महिने झाले होते. एतेरीला एका पायाचा तुकडा ओतारसाठी ठेवायचा होता, आणि तिने ठेवलाही, पण तो कागदात बांधताना आपला हात किती नाखुशीने चालतोय हे तिला कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

नळ्या गार झाल्यावर त्यांत लामाराच्या बरण्यांतला नमुना थेंबथेंब सोडला होता. आता प्रश्न उबेचा. जंतू वाढायला माणसाच्या अंगाएवढी ऊब लागते, ना कमी ना जास्त. ती ऊब देणारी पेटी विजेवर चालायची. एतेरीने दिवसभर गरम पाण्याच्या बाटल्या भरभरून पेटीत ठेवल्या. दुपारपर्यंत पेटी थंड. शेवटी तिने सुईदोरा घेतला, जुन्या चादरीचा पट्टा फाडला आणि त्याला काडतुसांच्या पट्ट्यासारखे कप्पे शिवले. प्रत्येक नळीला रबराचं बूच, बुचावर मेण, वरून कापडाचा बोळा. बारा नळ्या तिने पोटाला बांधल्या, वर स्वेटर, वर कोट. उरलेल्या बारा तिने घरी नेल्या.

"ओतार, सरळ झोप. शर्ट वर कर."

"काय गं, या वयात?"

"या नळ्या आहेत. काखेत चार, पोटावर आठ. सकाळपर्यंत कुशीवर वळायचं नाही."

ओतारने एक नळी उजेडात धरून पाहिली. "यात काय आहे?"

"हगवण."

"वा! संसार केला तुझ्याबरोबर, आता तेवढंच राहिलं होतं." मग तो स्वतःच हसायला लागला. "मला खुडूक कोंबडी केलंस तू. एकवीस दिवस बसवणारेस की कमी?"

"बोलू नकोस जास्त, पोट हलतं."

तिने त्याच्यावर दोन गोधड्या आणि दारातला गालिचा टाकला. तो खरंच हलला नाही. सकाळी त्याची पाठ अशी धरली होती की तिला त्याला दोन्ही हातांनी उठवून बसवावं लागलं. नळ्या मात्र एकजात गढूळ झाल्या होत्या. जंतू झकास वाढला होता.

पुढच्या दिवशी तिने संस्थेत होते नव्हते ते हगवणीचे सगळे फाज त्या जंतूवर सोडून पाहिले. एकोणीस प्रकारचे. काही तिच्या जन्माआधीचे, काही तिने स्वतः शोधलेले. फाज लागू पडला तर गढूळ नळी नितळ होते, पाण्यासारखी. ओतारने पुन्हा रात्र उताणी काढली. सकाळी एकोणीसच्या एकोणीस नळ्या ताकासारख्या होत्या.

"संपलं," एतेरी म्हणाली. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटली ती सुटका. घरी जावं, गोधडीत शिरावं, आणि मार्चपर्यंत बाहेर पडू नये.

"संपलं कसं?" उशांगी म्हणाला. "जिथं मांजर तिथं तिच्या पिसवा. जंतू जिथं राहतोय तिथंच त्याचा वैरीही असणार. हॉटेलचं गटार कुठं आहे?"

"तुम्ही जाणार, बातोनो?"

उशांगीने आपल्या काठीकडे पाहिलं. एतेरीने बादली उचलली.

हॉटेलच्या तळघरात नळ फुटला होता आणि सगळ्या मजल्यांची घाण तिथं साचून वरून गोठली होती. दाखवायला बरोबर कोणीतरी हवं होतं. लामाराने एका बाईला हाक मारली. वेनेरा, पस्तिशीची, पदरी एकच मुलगी, चार वर्षांची, तीही त्या अकरांतली. ती जिन्यात बसून गार पाण्यात फडकी धूत होती. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. तिने मेणबत्ती घेतली आणि पुढे झाली.

"सांभाळून, मावशी. तिसरी पायरी नाहीये."

एतेरी वाकली, बर्फाचा पापुद्रा फोडला आणि बाटली आत बुडवली. वासाने वेनेराने नाकाला बाही लावली.

"हे कशाला नेताय?"

"औषध करायला."

वेनेराने बाही खाली घेतली. "मावशी, आम्हाला आधीच गटारात आणून टाकलंय. आता तेच पाजणार का?"

"गाळून पाजते," एतेरी म्हणाली.

वेनेरा फसकन हसली. मेणबत्ती हलली. "आमच्याकडे सुखुमीत आजी म्हणायची, साप चावला तर सापाचंच डोकं ठेचून लावावं. पण तिनं लावलं कधी नाही. तिला साप चावलाच नाही ना."

वर आल्यावर तिने एतेरीला खोली दाखवली. एका खोलीत दोन कुटुंबं, मध्ये ब्लँकेटचा पडदा. मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तेओना नाव. केस घामाने कपाळाला चिकटलेले, ओठांना भेगा. एतेरीने तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी उभीच राहिली, सावकाश खाली गेली. असं व्हायला नको असतं.

"पाणी पितेय?"

"पाजते. ओकते. परत पाजते."

"पाजत राहा," एतेरी म्हणाली. निघताना वेनेराने कागदात बांधलेला मक्याच्या भाकरीचा तुकडा तिच्या खिशात कोंबला. ती नको नको म्हणाली, पण हिसकाहिसकी करण्याइतका जोर अंगात नव्हता. रस्त्यात तिने तो खाल्ला.

गटाराचं पाणी चिनी मातीच्या गाळणीतून काढलं. त्या गाळणीतून जंतू जात नाही, फाज जातो, इतका तो बारीक. हवा ओढायला पंप विजेवरचा, म्हणून उशांगीने ओतारच्या ट्रॉलीबसमधला चाकांचा पंप मागवून घेतला, त्याचा पडदा उलटा बसवला आणि दोघांनी आळीपाळीने मारला. शंभर झटके तिचे, तीस त्याचे. मग ते गाळलेलं पाणी आठ नळ्यांतल्या जंतूंवर थेंबथेंब सोडलं, आणि ओतार पुन्हा खुडूक बसला.

सकाळी त्याने तिला हाक मारून उठवलं. "एतेरी, एक अंडं फुटलंय बघ."

आठांतल्या सात नळ्या गढूळ होत्या. आठवी नितळ. इतकी की तिच्यातून पलीकडची खिडकीची चौकट सरळ दिसत होती. एतेरीने ती डोळ्यांजवळ धरली, मग दूर धरली. तीस वर्षांत हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी तिला नवल वाटायचं. आज वाटलं नाही. नुसतं मनात आलं, आता ही वाढवायची, म्हणजे दोन दिवस पंप.

दोन दिवस पंपच मारला. कोंबडीचा रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत वापरला. तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता टेबलावर दोन लिटर पिवळसर, स्वच्छ फाज उभा होता, आणि साडेबाराला लामारा दारात उभी होती.

"तयार आहे?"

"तयार आहे," एतेरी म्हणाली.

"तयार नाही," उशांगी म्हणाला. "तपासायचाय. सूप घातलेल्या चार नळ्यांत टाकून ठेवलाय. उद्या सकाळपर्यंत त्यात काही उगवलं नाही तर न्या."

लामाराने टोपी काढली. तिचे केस मधोमध पांढरे झाले होते. "बातोनो उशांगी, काल एक म्हातारी गेली. तीन मुलं उद्याचा दिवस काढतील की नाही, मला सांगता येत नाही. त्यातलं एक तर अजिबात नाही सांगता येत."

"गाळणीला केसाएवढी चीर असली तर जंतू तसाच खाली उतरतो. डोळ्यांना दिसत नाही."

"उतरू दे! तोच जंतू त्यांच्या पोटात आहे. आणखी दोन गेल्याने काय बिघडतं?"

"तोच?" उशांगीने काठी आपटली. आवाज मात्र चढला नाही. "गटारात एकच जंतू असतो का, बाई? विषमज्वराचा असेल, पटकीचा असेल. तू हा अकरा मुलांनाच देणार? आज अकरा, उद्या हॉटेलातल्या सगळ्या पोरांना प्रतिबंधक म्हणून देशील. द्यायलाच हवा. आणि यात काही निघालं, तर? बावन्न साली मी असाच एक घाणा घाईनं सोडला होता. वरून हुकूम होता. सात सैनिक. त्यांची नावं मला अजून पाठ आहेत."

लामारा एतेरीकडे वळली. "तुम्ही सांगा."

बाटल्या एतेरीच्या हाताशी टेबलावरच होत्या. उशांगी म्हातारा होता. तिने बाटल्या उचलून लामाराच्या हातात दिल्या असत्या तर तो काठी घेऊन तिच्यामागे धावला नसता. तिला ती मुलगी आठवली, चिमटीत उभी राहिलेली कातडी. आणि तिला हेही आठवलं की पंप मारताना काल संध्याकाळी ती उभ्याउभ्या झोपली होती, हँडल निसटून गाळणीवर आपटलं होतं, आणि ती बघून म्हणाली होती, काही झालं नाही. काही झालं नव्हतं हे तिला खात्रीने माहीत होतं का? नव्हतं.

"उद्या सकाळी सात वाजता," ती म्हणाली. "मी स्वतः घेऊन येते."

लामाराने टोपी घातली आणि निघून गेली. दार तिने हळू ओढून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तपासणीच्या चारही नळ्या एतेरीने स्वतःच्या पोटाशी बांधल्या. ओतारला दिल्या नाहीत. सकाळी सहाला तिने मेणबत्तीपाशी त्या एकेक करून पाहिल्या. चारही स्वच्छ. काही उगवलं नव्हतं. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या, मग संस्थेत जाऊन बाटल्या शालीत गुंडाळल्या आणि भरभर चालत सुटली. घसरून एकदा गुडघ्यावर पडली, पण बाटल्या वर धरल्या होत्या.

हॉटेलच्या दारात तीनचार पुरुष टोप्या काढून उभे होते. एतेरीला कळलं. कोण, ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

"तेओना," लामारा जिन्यात म्हणाली. "पहाटे." तिने बाटल्या घेतल्या. "किती द्यायचं?"

"आधी चार घोट बोर्जोमीच्या झऱ्याचं खारं पाणी, पोटातलं आम्ल मरायला. मग एक चमचा. दिवसातून तीनदा."

"बरं."

दोघींनी मिळून दहा मुलांना आणि उरलेल्या म्हातारीला पाजलं. मुलं तोंड वेडंवाकडं करत होती. एका मुलीने विचारलं, "हे कसलं सूप आहे?" आणि एतेरी म्हणाली, "कोंबडीचं." खोटं नव्हतं ते.

सगळं संपल्यावर तिला जिन्यातूनच परत जाता आलं असतं. ती त्या खोलीकडे गेली. ब्लँकेटचा पडदा सारलेला होता. वेनेरा खाटेच्या कडेला बसली होती, आजूबाजूला शेजारणी. मुलीवर पांढरा टेबलक्लॉथ होता, हॉटेलचा, कोपऱ्यात हॉटेलची निळी खूण. वेनेराने वर पाहिलं.

"मावशी, औषध कधी झालं?"

शेजारणींपैकी एक म्हणाली, "राहू दे गं आता." पण वेनेरा एतेरीकडेच पाहत होती. एतेरीला सोपी उत्तरं दिसत होती. आज सकाळी झालं. आत्ताच झालं. धावतच आले. गुडघ्याचं रक्तही दाखवता आलं असतं.

"काल दुपारी," ती म्हणाली. "तपासायचं राहिलं होतं. एक दिवस लागतो."

"मग? तपासलं?"

"हो."

"त्यात काही निघालं?"

"नाही. चांगलं होतं."

"म्हणजे काल दिलं असतं तरी चाललं असतं."

"चाललं असतं. पण काल ते कुणालाच माहीत नव्हतं."

"वाचली असती?"

"माहीत नाही, पोरी. उशिरा दिलं की कधी लागू पडतं, कधी नाही. मला खरंच माहीत नाही."

वेनेराने मान डोलावली, जसं कुणी दुकानात माल नाही म्हटल्यावर डोलावतं. मग तिने टेबलक्लॉथची कड सरळ केली. एतेरी थोडा वेळ उभी राहिली. कुणी तिला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

दहा मुलं वाचली. तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं, पाचव्या दिवशी मुलं जिन्याच्या कठड्यावरून घसरायला लागली आणि लामारा त्यांच्यावर ओरडायला लागली. म्हातारीही वाचली आणि तिने पहिली मागणी केली ती सिगारेटची. हॉटेलातल्या बाकीच्या पोरांनाही फाज दिला. आणखी कुणी आजारी पडलं नाही. उशांगीने उरलेला फाज काचेच्या कुप्यांत भरून चुलीच्या ज्योतीवर तोंडं बंद केली, चिठ्ठीवर तारीख आणि क्रमांक घातला, आणि चिठ्ठी ओल्या जिभेने चिकटवत म्हणाला, "आपण बरोबर केलं, एतेरी."

"हो, बातोनो. बरोबर केलं."

"मग असं तोंड का?"

"काही नाही. दमलेय."

तो तिच्याकडे पाहत राहिला. "बावन्न सालानंतर मीही दमलो होतो," तो म्हणाला. "मला वाटलं सुट्टी घेतली की जाईल." मग चिठ्ठीवर बोट दाबत बसला.

एतेरीने खरंच आठ दिवस सुट्टी घेतली. झोपली. उठून रांगेत उभी राहिली, परत येऊन झोपली. ओतार आता उठूनबसून असायचा. खुडूक बसण्याने त्याच्या पाठीला बरं वाटलं होतं म्हणे, किंवा त्याला कुणीतरी काम दिलं याने. तो चहा करून आणायचा आणि खाटेच्या कडेला बसायचा.

"तुला कुणी काही बोललं का?"

"नाही."

"बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं," ओतार म्हणाला. "न बोलणाऱ्याशी कसं भांडायचं?"

एप्रिलमध्ये, बदामाची झाडं फुलून गेल्यावर, वेनेरा संस्थेच्या फाटकाशी आली. एतेरीने तिला लांबून ओळखलं. एवढ्या दिवसांनी आली म्हणजे बोलायलाच आली असणार. बोलू दे. ती हात पुसत बाहेर गेली.

"मावशी, इथं काम आहे का?"

"इथं पगार नाही, पोरी. म्हणजे आहे, पण त्याला पगार म्हणत नाहीत."

"मला पगार नकोय. हॉटेलात भिंतीकडे बघून काय करू? बाटल्या धुईन. मला धुता येतं."

एतेरीने मान हलवली. नाही म्हणायचं होतं. रोज हा चेहरा समोर ठेवून आपल्याला काम करता येणार नाही, तेवढा दम उरलेला नाही, हे सांगायचं होतं. "इथंच कशाला?" एवढंच ती म्हणाली. "दुसरीकडे मिळेल."

वेनेराने फाटकाच्या गजाला हात लावला. "तुम्ही म्हणालात, तपासायला एक दिवस लागतो. तो दिवस कसा जातो ते मला बघायचंय. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी तोच विचार करते. एक अख्खा दिवस. त्यात तुम्ही काय करता? नुसतं बसून राहता?"

"जवळजवळ तसंच," एतेरी म्हणाली.

"मग ते दाखवा."

एतेरीने फाटक उघडलं.

वेनेराने आधी नळ्या धुतल्या. तिच्या हातून एकही फुटली नाही. उशांगी तिला 'सुखुमीच्या बाई' म्हणायचा आणि तिने केलेली मक्याची भाकरी दोन वेळा मागून घ्यायचा. वीज दिवसाला चार तास यायला लागली होती, आणि एका रुग्णालयाने चिघळलेल्या जखमांसाठी फाज मागितला होता. घाणा झाला. गाळला. एतेरीने चार नळ्यांत सूप घेतलं, त्यात थेंब सोडले, बुचं बसवली आणि ऊबपेटीचं दार लावलं. वेनेरा मागे उभी राहून सगळं पाहत होती.

"झालं?"

"झालं. आता उद्या सकाळी."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत काही नाही. वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या बदलायच्या. मध्येमध्ये दार उघडायचं नाही, ऊब जाते."

वेनेराने स्टूल ओढलं आणि ऊबपेटीसमोर बसली, हात मांडीवर ठेवून. एतेरीला घरी जायचं होतं. पायात गोळे आले होते, ओतारने चणे भिजवले होते. तिने कोट अंगात घातला, एक बटण लावलं, दुसरं लावलं. मग कोट तसाच ठेवून दुसरं स्टूल ओढून ती वेनेराच्या शेजारी बसली.

"रुग्णालयातून फोन आला होता मघाशी," वेनेरा म्हणाली. "आजच मिळेल का, विचारत होते. तुम्ही गाळत होतात, म्हणून मीच बोलले."

"काय सांगितलंस?"

वेनेरा ऊबपेटीच्या दाराकडे पाहत होती.

"उद्या म्हटलं," ती म्हणाली.